अमेरिकेत मतमोजणी इतके दिवस का चालते?

प्रश्न असा आहे: महाराष्ट्र विधानसभेची मोजणी २३ नोव्हेंबर २०२४ ला एका दिवसात उरकली. मग अमेरिकेला २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत चार दिवस का लागले? रात्री लाखोंनी पुढे असलेला उमेदवार नंतर मागे कसा पडला? आणि अमुक जिंकले हे नक्की जाहीर कोण करतं?

आधी तुलनेबद्दल. आपल्याकडे मोजणी एका दिवसात होते, पण मतदानानंतर लगेच होत नाही. २०२४ च्या लोकसभेला पहिल्या टप्प्याचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि मोजणी ४ जूनला. तोवर ती यंत्रं दीड महिना कुलपात होती. अमेरिकेत मतदान संपलं की त्याच रात्री आकडे यायला लागतात, म्हणून अर्धवट मोजणी जगासमोर उघडी राहते. शिवाय आपल्याकडे मतदार एक बटण दाबतो. तिथे एकाच कागदावर राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधिगृहाचा सदस्य, राज्याचे आमदार, काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) शेरीफ, न्यायाधीश, शाळा मंडळाचे सदस्य आणि वर लोकमताला टाकलेले प्रस्ताव असं सगळं असतं. २०२४ मध्ये ॲरिझोनात नुसते राज्यपातळीवरचे प्रस्तावच १३ होते. त्यामुळे मॅरिकोपा काउंटीत (फीनिक्स शहर हिच्यातच येतं) मतपत्रिका दोन कागदांची झाली. २० लाखांहून जास्त मतदार आणि प्रत्येकी दोन कागद. स्कॅनरमधून किती कागद सरकले याचा हिशेब करा.

तरीही उशीर यंत्रांमुळे होत नाही. एकदा कागद सपाट होऊन गठ्ठ्यात लागला की मोठा स्कॅनर तासाला हजारो कागद वाचतो. वेळ जातो तो त्याच्या आधी, टपालाने आलेल्या पाकिटावर. आणि ते पाकीट कोणत्या दिवसापासून उघडायचं, हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. निकालाची रात्र समजून घ्यायची तर ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते.

अमेरिकेत आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती फक्त प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवते, तिचा मतमोजणीशी संबंध नाही. इलेक्शन असिस्टन्स कमिशन यंत्रांची मानकं ठरवतं, पण ती पाळणं राज्यांच्या मर्जीवर आहे. मतदानाचा दिवस तेवढा केंद्राच्या कायद्याने ठरतो: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. बाकी नियम राज्याचे आणि प्रत्यक्ष काम काउंटीचं. विस्कॉन्सिनमध्ये तर ते काउंटीच्याही खाली जातं, तिथे १,८०० हून जास्त गावं-शहरं आपापली निवडणूक स्वतः चालवतात.

आता एका टपाली मताचा प्रवास पाहू. पाकीट आलं की त्यावरचा बारकोड वाचून मतदाराच्या नावापुढे 'मिळालं' अशी नोंद होते. त्यामुळे त्याच मतदाराचं दुसरं पाकीट आलं किंवा तो केंद्रावर हजर झाला तर लगेच कळतं. मग पडताळणी. बऱ्याच राज्यांत पाकिटावरची सही नोंदणीच्या वेळच्या आणि नंतरच्या सह्यांशी ताडून पाहतात. जुळली नाही तर वरच्या पातळीवर दुसरी तपासणी होते. तरीही शंका राहिली तर मतदाराला फोन, पत्र किंवा मेसेज जातो आणि चूक सुधारायला मुदत मिळते. २०२४ मध्ये जॉर्जियात ही मुदत मतदानानंतर तीन दिवसांची होती, नेवाडात सहा. इतकं होईपर्यंत पाकीट बंदच असतं. अगदी अटीतटीच्या लढतीत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते अशा मतदारांच्या याद्या घेऊन दारोदार फिरतात, ते याच मुदतीत.

सही मंजूर झाली की पाकीट उघडायचं आणि कागद नावापासून वेगळा करायचा, म्हणजे कोणी कुणाला मत दिलं हे कळायला मार्ग राहत नाही. पेनसिल्व्हेनियात आत आणखी एक गुप्ततेचं पाकीट असतं. त्यात न घालता मतपत्रिका थेट बाहेरच्या पाकिटात टाकली तर मत मोजलं जात नाही. बाहेरच्या पाकिटावर हाताने तारीख लिहायला विसरलेल्या मतांवरून तिथे वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली आहे. मग घड्या उलगडून कागद सपाट करणं, गठ्ठे बांधणं, प्रत्येक गठ्ठ्याची चिठ्ठी भरणं. कॉफी सांडलेला, फाटलेला किंवा परदेशातून ईमेलने आलेला कागद स्कॅनर वाचू शकत नाही. असं मत दोन वेगवेगळ्या पक्षांची माणसं शेजारी बसून कोऱ्या मतपत्रिकेवर जसंच्या तसं उतरवतात आणि मूळ व नक्कल या दोन्हींवर एकच क्रमांक टाकतात. उमेदवाराच्या नावापुढचा गोल अर्धवट रंगवलेला किंवा खोडून शेजारचा भरलेला असेल तर त्याची प्रतिमा पडद्यावर येते आणि तशीच जोडी मतदाराचा इरादा ठरवते.

यातलं सहीपासून गठ्ठ्यापर्यंतचं काम फ्लोरिडात मतदानाच्या कित्येक आठवडे आधी सुरू होतं. टपाली मत मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ७ च्या आत कार्यालयात पोचलंच पाहिजे असा नियम आहे, आणि आधी मोजून ठेवलेले आकडे मतदान संपल्यावर अर्ध्या तासात जाहीर करावे लागतात. म्हणून सव्वादोन कोटी वस्तीचं ते राज्य दीड-दोन तासांत बहुतेक मतं मोजून मोकळं होतं. २००० साली बुश-गोर लढतीत ५३७ मतांच्या फरकावरून जी नाचक्की झाली, तिथून फ्लोरिडा बरंच शिकलं. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये मात्र २०२४ पर्यंत मतदानाच्या दिवशी सकाळी ७ आधी पाकिटाला हात लावता येत नव्हता. म्हणजे वर्षभरातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी, केंद्रं सांभाळता सांभाळता, लाखो पाकिटं फोडायला बसायचं. दोन्ही पक्षांचे अधिकारी आधी उघडू द्या म्हणून मागणी करत आलेत, पण विधिमंडळात दर वेळी त्याला कसली तरी दुसरी अट चिकटते आणि घोडं अडतं. कायदा बदलला की काय होतं ते मिशिगनमध्ये दिसलं. तिथे २०२३ मध्ये मोठ्या शहरांना आठ दिवस आधीपासून ही मतं स्कॅन करायची मुभा मिळाली आणि २०२४ ची मोजणी २०२० पेक्षा कितीतरी लवकर आटोपली. पेनसिल्व्हेनियाने निदान २०२२ मध्ये काउंट्यांना निधी देताना मोजणी अखंड चालू ठेवायची अट घातली.

कॅलिफोर्नियाची तऱ्हाच वेगळी. तिथे प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला घरी मतपत्रिका जाते आणि मतदानाच्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट २०२४ मध्ये पुढचे सात दिवस चाललं. काउंटीला हिशेब पुरा करायला जवळजवळ महिना मिळतो. प्रतिनिधिगृहाच्या तेराव्या मतदारसंघात २०२४ चा फैसला डिसेंबर उजाडल्यावर झाला, १८७ मतांनी. राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत कॅलिफोर्नियाचा कल आधीच ठाऊक असतो, म्हणून कोणी खोळंबत नाही. पण देशभरातल्या एकूण मतांची टक्केवारी पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. २०२४ मध्ये दुसऱ्या दिवशी ट्रम्प ५० टक्क्यांच्या वर दिसत होते. अंतिम आकडा ४९.८ वर आला आणि हॅरिस यांचा ४८.३ झाला. त्या पहिल्या दिवसाच्या टक्केवारीवर कितीतरी अग्रलेख लिहून झाले होते.

आघाडी पलटण्याचं कोडंही याच पाकिटात आहे. पेनसिल्व्हेनियात २०१९ च्या कायद्याने कारण न देता टपाली मतदान करता येऊ लागलं. लगेच कोविड आला आणि २०२० मध्ये २६ लाखांच्या आसपास टपाली मतं पडली. ट्रम्प आपल्या मतदारांना टपालावर भरवसा ठेवू नका म्हणत होते, त्यामुळे टपाली मतांतली साधारण चारांतली तीन बायडेन यांची होती. केंद्रावरची मतं रात्रीत मोजून झाली आणि बुधवारी सकाळी ट्रम्प सहा-सात लाखांनी पुढे दिसले. मग चार दिवस पाकिटं फुटत गेली आणि अखेर बायडेन ८०,५५५ मतांनी जिंकले. मध्यरात्री मतं 'सापडली' वगैरे काही नाही. ती दिवसाढवळ्या आलेली, नोंदलेली मतं होती आणि किती शिल्लक आहेत हे राज्याच्या संकेतस्थळावर काउंटीनिहाय दिसत होतं. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत तर शहरभरची टपाली मतं एका ठिकाणी मोजून आकडे एकदम चढवतात. मध्यरात्रीनंतर लाख-दीड लाख मतं एका फटक्यात आली की आलेखाला उभी पायरी पडते. दर चार वर्षांनी ही पायरी पडते आणि दर चार वर्षांनी तिचा स्क्रीनशॉट फिरतो.

ॲरिझोनात हाच क्रम उलटा असतो. तिथे आधी आलेली टपाली मतं मोजून तयार असतात आणि केंद्रं बंद झाल्यावर तासाभराने सगळ्यात आधी तीच जाहीर होतात. त्यानंतर केंद्रावरची मतं येतात. सगळ्यात शेवटी मतदानाच्या दिवशी लोकांनी स्वतः आणून टाकलेली पाकिटं, ज्यांची सही-तपासणी दुसऱ्या दिवशी सुरू होते. २०२२ मध्ये एकट्या मॅरिकोपात अशी सुमारे २ लाख ९० हजार पाकिटं एका दिवसात जमली. २०२० मध्ये फॉक्स न्यूज वाहिनीने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने रात्री ११.२० ला ॲरिझोना बायडेन यांच्या खात्यात टाकलं. नंतर फरक आटत आटत १०,४५७ वर आला. निकाल बरोबर ठरला, पण इतक्या लवकर सांगण्याएवढा आधार होता का, यावर जाणकारांत आजही दुमत आहे.

जाहीर कोण करतं? त्या रात्री सरकारी असं कोणीच नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४८ पासून हे काम करते आणि मोठ्या वाहिन्यांचे आपापले तज्ज्ञ असतात. पिछाडीवरच्या उमेदवाराला उरलेल्या मतांतून पुढे यायला वाटच उरली नाही याची खात्री पटली की ते नाव घेतात. २०२० मध्ये ते शनिवारी, ७ नोव्हेंबरला झालं. २०२४ मध्ये विस्कॉन्सिनच्या जोरावर बुधवारी पहाटे ५.३४ ला, म्हणजे भारतात दुपारी चारच्या सुमारास. २००० मध्ये वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी गोर यांना दिला, मग मागे घेतला, मग बुश यांना दिला, तोही मागे घेतला. हरलेल्या उमेदवाराच्या पराभव मान्य करणाऱ्या भाषणाला कायद्यात काडीची किंमत नाही, तो केवळ रिवाज आहे.

खरं काम कॅमेरे गेल्यावर सुरू होतं. प्रत्येक केंद्रावर किती मतदारांची नोंद झाली आणि किती कागद निघाले हे ताडून पाहतात. आपल्याकडच्या फॉर्म १७-सी ची (केंद्रावर किती मतं पडली याचा हिशेब) आठवण येईल, काम साधारण तेच. ओळख अपुरी किंवा नाव यादीत नाही अशा मतदारांना २००२ च्या कायद्याने तात्पुरती मतपत्रिका मिळते. तीही आता एकेक करून तपासायची. चुका सापडतात त्या इथेच. २०२० मध्ये मिशिगनच्या अँट्रिम काउंटीत, जी हमखास रिपब्लिकन म्हणजे ट्रम्प यांच्या पक्षाची, पहिल्या आकड्यांत बायडेन तीनेक हजारांनी पुढे दिसले. झालं होतं असं की मतपत्रिकेत उशिरा बदल झाला, काही गावांच्या यंत्रांत नवी मांडणी भरली आणि काहींत जुनीच राहिली. आकडे एकत्र करताना रकाने एका जागेने सरकले. कागदावरची मतं मात्र जशीच्या तशी होती. दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त झाली आणि डिसेंबरात हाताने केलेल्या मोजणीत दुरुस्त आकड्यांपासून जेमतेम १२ मतांचा फरक निघाला. जॉर्जियाने त्याच वर्षी ५० लाख मतं हाताने मोजली. तेव्हा फ्लॉइड काउंटीत २,६०० हून जास्त मतं स्कॅनच झाली नव्हती असं उघड झालं, तर फेएट काउंटीत एका मेमरी कार्डातली मतं चढवायची राहिली होती. दोन्हींत ट्रम्प यांचा थोडा फायदा झाला, निकाल तोच राहिला. कागद जपलेला असला की चूक भरून काढता येते.

यंत्रं बिघडतात त्याची कारणंही बहुधा अशीच नीरस असतात. २०२२ मध्ये मॅरिकोपात अनेक केंद्रांवर स्कॅनर मतपत्रिका घेईनात. कागद जाड होता, मतपत्रिका २० इंच लांब होती आणि केंद्रावरच्या प्रिंटरची उष्णता त्यावर शाई नीट बसवायला अपुरी पडली. अशी मतं वेगळ्या बंद पेटीत टाकून नंतर मध्यवर्ती ठिकाणी मोजली. २०२४ मध्ये मिलवॉकीत काही स्कॅनरांची दारं नीट बंद केलेली नाहीत हे ऐन मतदानाच्या दुपारी लक्षात आलं. गैरप्रकाराची खूण नव्हती, तरी ३० हजारांहून जास्त मतं शून्यापासून पुन्हा मोजली. रात्रीचा उशीर त्याचाच. मार्करची शाई पाठीमागे फुटून मत बाद होतं ही अफवाही जुनीच आहे. दोन्ही बाजूंचे गोल मुद्दाम एकमेकांच्या मागे येणार नाहीत असे छापतात, आणि मार्कर देतात ते शाई लवकर वाळते म्हणून.

फरक अगदी कमी असेल तर फेरमोजणी. ॲरिझोना, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडात अर्ध्या टक्क्याच्या आत आपोआप, जॉर्जियात तेवढ्याच फरकावर मागणी केली तर. विस्कॉन्सिनमध्ये एक टक्क्याच्या आत मागता येते, पण पाव टक्क्याच्या वर फरक असेल तर खर्च मागणाऱ्याच्या माथी. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने ३० लाख डॉलर भरून दोन काउंट्या पुन्हा मोजून घेतल्या, तर बायडेन यांची आघाडी ८७ मतांनी वाढली. राज्यभरच्या फेरमोजणीत सहसा काही शे मतंच इकडची तिकडे होतात, त्यामुळे दहा हजारांचा फरक त्यातून पलटेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

यानंतर काउंटीचं मंडळ आणि मग राज्य निकाल प्रमाणित करतं. ही सही मर्जीची नसते, कर्तव्याची असते. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोच्या ओटेरो आणि ॲरिझोनाच्या कोचीस काउंटीने अडवून पाहिलं, दोन्हींना कोर्टाने सरळ केलं. २०२१ च्या ६ जानेवारीला ट्रम्प समर्थक संसदेत घुसले, त्यानंतर २०२२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, या मतांच्या अंतिम मोजणीचा १८८७ चा जुना कायदा घट्ट केला. इलेक्टर (राष्ट्राध्यक्षाला औपचारिक मत देणारे राज्यांचे प्रतिनिधी) मतदान करतात त्याच्या सहा दिवस आधी राज्याचं प्रमाणपत्र निघालंच पाहिजे. २०२४ मध्ये या तारखा ११ आणि १७ डिसेंबर होत्या. काँग्रेसमध्ये हरकत घ्यायला पूर्वी दोन्ही सभागृहांतला एकेक सदस्य पुरायचा, आता दोन्हीकडे एक पंचमांश सदस्य लागतात. आणि उपाध्यक्षाचं काम फक्त पाकिटं उघडून आकडे वाचून घेण्याचं आहे, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं. ६ जानेवारी २०२५ ला कमला हॅरिस यांनी त्याच खुर्चीवरून स्वतःच्या पराभवाचे आकडे, इलेक्टरांची ३१२ विरुद्ध २२६ मतं, वाचून दाखवले.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या अमेरिकी नागरिकांसाठी थोडं. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी वर तिथे असलेल्यांना या निवडणुकीत मत नाही. नागरिक असाल तर अमेरिकेत शेवटचा पत्ता ज्या काउंटीत होता तिथे फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन (परदेशातून मतपत्रिका मागवायचा अर्ज) पाठवा, आणि ते दर वर्षी नव्याने पाठवा, जुन्या अर्जावर विसंबू नका. काउंटीने ४५ दिवस आधी मतपत्रिका धाडलीच पाहिजे. ती वेळेत आली नाही तर फेडरल राइट-इन ॲबसेंटी बॅलट ही पर्यायी मतपत्रिका भरून पाठवता येतं. ईमेलने परत चालतं की कागदच लागतो हे राज्यावर आहे. कागद लागत असेल तर सप्टेंबर अखेरीस पाठवून मोकळं व्हा.

भारतातून रात्र पाहायची तर बुधवारी पहाटेचा गजर लावा. २०२४ सारख्या नोव्हेंबरात पूर्वेच्या वेळेत साडेदहा तास मिळवायचे. जॉर्जियाची केंद्रं आपल्या पहाटे साडेपाचला बंद होतात, नॉर्थ कॅरोलायनाची सहाला, पेनसिल्व्हेनियाची साडेसहाला, विस्कॉन्सिनची साडेसातला. ॲरिझोनाचे पहिले आकडे साडेआठला. आघाडी कोणाची हे बघण्याआधी तीन गोष्टी बघा: आलेली मतं केंद्रावरची आहेत की टपाली, कोणत्या काउंट्या उरल्यात, आणि तिथली किती मतं बाकी आहेत. पडद्यावर '९० टक्के मोजून झालं' असं दिसतं तो एकूण किती मतं पडली असतील याचा अंदाज असतो, मोजदाद नव्हे. अंदाज चुकला की ९५ टक्क्यांवर अडकलेला आकडा दोन दिवस हलत नाही किंवा उलटा ९३ वर येतो. सगळ्यात कामाची तुलना म्हणजे पूर्ण मोजून झालेली एखादी मध्यम आकाराची काउंटी घ्यायची आणि चार वर्षांपूर्वीचा तिचाच फरक शेजारी ठेवायचा. पेनसिल्व्हेनियात ईरी किंवा नॉर्थॲम्प्टन, विस्कॉन्सिनमध्ये डोर काउंटी यासाठी बऱ्या. तिथे दीड-दोन टक्क्यांचा सरक दिसला की राज्याची दिशा बहुतेक कळते, फिलाडेल्फियाची पाकिटं अजून फुटायची असली तरी.